एका शितावरून अख्खा भात

रात्री घर शांत झाले की न्हाणीघरातला नळ बोलू लागतो. वायसर झिजलेला असतो, चावी कितीही आवळली तरी थेंब सुटतोच. टप… टप… टप. खाली पालथे घातलेले स्टीलचे पातेले असेल तर आवाज आणखी खणखणीत येतो. ऐकणाऱ्याची झोप उडते, पण ठेका मात्र पक्का असतो; दोन थेंबांमधला वेळ दर खेपेला तेवढाच.

आता उठून चावी केसभर ढिली करावी. थेंब भराभर पडू लागतात आणि एका ठरावीक टप्प्यावर ठेका बदलतो. थेंब जोडीने पडू लागतात: टप-टप, जरा थांबून पुन्हा टप-टप. एक अंतर लांब, एक आखूड, पुन्हा लांब, पुन्हा आखूड. चावी आणखी किंचित सोडली तर तो ठेकाही मोडतो. थेंब पडतच असतात, पण कसलेल्या तबलजीलाही सम सापडणार नाही असे. पुढचा थेंब लवकर येईल की उशिरा, सांगता येत नाही.

यातली अचंब्याची गोष्ट सहज निसटून जाते. टाकीतून येणारे पाणी एकसारख्या धारेने येते आहे. नळाला कोणी हलवत नाही, वाराही नाही, चावीही आता स्थिर आहे. मग ही अनियमितता येते कोठून?

या प्रश्नाचा पाठपुरावा १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट शॉ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने केला. ठिबकणाऱ्या नळाची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ ओटो रॉस्लर यांनी सुचवली होती. शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळाखाली प्रकाशाचा एक किरण सोडला. थेंब पडला की किरण क्षणभर तुटे आणि ती वेळ संगणकात नोंदली जाई. थेंबाचा आकार, वजन, वेग, पाण्याचा ताण यांतले काहीच मोजले नाही. हाती आली ती केवळ एक आकड्यांची यादी: या थेंबापासून त्या थेंबापर्यंत किती वेळ, त्यानंतर किती, त्यानंतर किती. अशा यादीला 'कालश्रेणी' म्हणतात. एवढ्या एका यादीवरून नळाच्या तोंडाशी काय चालले आहे हे ओळखायचे होते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, आणि या परीक्षेला भक्कम गणिती आधार आहे, हे त्याच काळात सिद्ध झाले.

सरळ रेषेच्या पलीकडे

आधी 'अरेषीय' या शब्दाची फोड करू. एक किलो साखरेला जो भाव, त्याच्या दुप्पट दोन किलोंना: हे रेषीय नाते. कारण दुप्पट झाले की परिणामही दुप्पट, आणि दोन कारणे एकत्र आली तर परिणामांची नुसती बेरीज. शाळा-कॉलेजातले बहुतेक भौतिकशास्त्र या बेरजेवर उभे आहे, कारण ती समीकरणे हाताने सुटतात. पण भाकरीखालची आच दुप्पट केली म्हणून भाकरी निम्म्या वेळात होत नाही, ती करपते. निसर्गातली बहुतेक नाती या जातीची, म्हणजे अरेषीय असतात. काळाबरोबर ठरलेल्या नियमाने बदलत जाणारी कोणतीही व्यवस्था ही 'गतिक प्रणाली': झोका, हवामान, हृदय, पाण्याचा थेंब. ती अरेषीय असली की साध्या नियमांतूनही गुंतागुंतीचे वर्तन निघू शकते.

अशा प्रणालीच्या पोटात शिरून सगळे मोजणे क्वचितच शक्य असते. बाहेरून एखादा सिग्नल मिळतो: नाडीचा आलेख, एखाद्या ठिकाणचे तापमान, दूरच्या ताऱ्याचा कमी-जास्त होणारा प्रकाश. त्या सिग्नलवरून आतल्या यंत्रणेचा अंदाज बांधायचा, हे सिग्नल-विश्लेषणाचे काम.

या कामाचे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत जास्त वापरात असलेले हत्यार फ्रेंच गणितज्ञ झोसेफ फूरिये यांचे. उष्णतेवरचा त्यांचा ग्रंथ १८२२ मध्ये आला. कितीही वेडीवाकडी लाट घ्या, ती निरनिराळ्या वारंवारतांच्या साध्या गुळगुळीत लाटांची बेरीज म्हणून मांडता येते, हा त्यातला गाभा. कोणत्या वारंवारतेचा वाटा किती, हे दाखवणारा आलेख म्हणजे त्या सिग्नलचा वर्णपट. १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी संगणकावर वर्णपट झटपट काढण्याची रीत प्रसिद्ध केली आणि हे हत्यार प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंत सगळीकडे पोहोचले.

वर्णपट काय सांगू शकतो याचे देखणे उदाहरण मिरजेच्या तंबोऱ्यात आहे. तंबोऱ्याची घोडी सपाट रुंद असते, तिच्यावर हलका बाक असतो आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. धागा नेमक्या जागी आला की जवारी लागते आणि एकाच तारेतून स्वरांचा झरा फुटल्यासारखा वाटतो. तारेच्या जुन्या नियमाप्रमाणे तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वराचा, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या स्वराचा, स्थिर बिंदू पडतो तो उपस्वर ऐकू येता कामा नये. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर गायब व्हायला हवेत. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांवर प्रयोग करून १९२१ मध्ये दाखवले की या वाद्यांत तो नियम मोडतो. जे उपस्वर नसायला हवेत ते चांगले ठणठणीत वाजतात. कारण त्या बाकदार घोडीत आहे. तार कंप पावताना दर आवर्तनात घोडीला टेकते आणि सुटते, तिची मोकळी लांबी सतत बदलत राहते, आणि एका उपस्वराची ऊर्जा दुसऱ्याकडे वळते. हे नाते अरेषीय आहे. जवारी काढणारा कारागीर घोडी घासून आणि धागा सरकवून ही अरेषीयता कानाने जुळवत असतो.

वर्णपट जिथे थांबतो

पण तंबोऱ्यापर्यंत उत्तम चाललेले हे हत्यार नळाच्या तिसऱ्या ठेक्यापाशी, म्हणजे बेठेक्यापाशी, अडते. ही अडचण वाहत्या द्रवाच्या एका प्रयोगात दिसून आली.

पाण्याचा शांत प्रवाह खळाळता कसा होतो, याबद्दल रशियन शास्त्रज्ञ लेव्ह लँडाऊ यांनी १९४४ मध्ये एक मत मांडले होते. वेग वाढला की प्रवाहात एक कंपन येते, मग दुसरे, मग तिसरे. अशी असंख्य कंपने एकात एक मिसळली की खळबळ दिसते. १९७१ मध्ये डेव्हिड रुएल आणि फ्लोरिस टाकेन्स यांनी याला छेद दिला. त्यांचे म्हणणे असे की असंख्य कंपनांची गरजच नाही. मोजक्याच पायऱ्यांनंतर प्रवाह एका निराळ्या अनियमित वर्तनात शिरू शकतो. १९७५ मध्ये जेरी गोलब आणि हॅरी स्विनी यांनी याची परीक्षा घेतली. एकात एक बसवलेल्या दोन नळकांड्यांच्या फटीत द्रव भरला, आतले नळकांडे फिरवले आणि लेझरच्या साहाय्याने द्रवाचा वेग मोजून त्याचा वर्णपट काढला. फिरण्याचा वेग कमी असताना वर्णपटात काही टोकदार सुळके होते. वेग वाढवत गेल्यावर सुळक्यांची गर्दी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात थोड्याच सुळक्यांनंतर वर्णपट एकाएकी पसरट झाला. लँडाऊंचे अनुमान खरे ठरले नाही.

प्रयोग वर्णपटाचाच होता, पण त्याने वर्णपटाची मर्यादाही उघडी केली. पसरट वर्णपट म्हणजे काय? निव्वळ खरखर, की आत काही नियम दडलेला आहे? वर्णपट पाहून हे सांगता येत नाही.

कागद-पेन्सिल घेऊन हे पडताळता येते. शून्य आणि एक यांच्यातला एक आकडा घ्या. त्याला एकातून वजा करा, उत्तराला मूळ आकड्याने गुणा आणि मग चारने गुणा. आलेल्या आकड्याला पुन्हा तेच करा. ०.३ पासून निघालो तर ०.८४ येतात, मग ०.५४, ०.९९, ०.०२, ०.०९, ०.३२, ०.८७, आणि आठव्या पायरीला ०.४५. आता ०.३०१ पासून निघा, फरक एक हजारांशाचा. पहिल्या चार-पाच पायऱ्या जवळजवळ तशाच दिसतात. सातव्या पायरीला ०.८७ ऐवजी ०.७७ येतात आणि आठव्या पायरीला ०.४५ ऐवजी ०.७२. सुरुवातीचा फरक सरासरीने दर पायरीला दुप्पट होत गेला; आठ वेळा दुप्पट म्हणजे २५६ पट. हजारांशाचा फरक पाव भागाच्या वर गेला.

या यादीत नशिबाचा अंशही नाही. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याने पक्का ठरवलेला आहे. तरीही तिचा वर्णपट काढला तर तो सपाट येतो, फासे टाकून मिळवलेल्या आकड्यांचा यावा तसाच. फूरियेंच्या चष्म्यातून दोन्ही सारखेच दिसतात. पण वेगळी युक्ती करून पाहा. प्रत्येक आकडा आडव्या अक्षावर आणि त्याच्या लगेच पुढचा आकडा उभ्या अक्षावर घेऊन कागदावर एकेक ठिपका मांडत जा. फाशांचे ठिपके कागदभर विखुरतात. आपल्या यादीचे ठिपके मात्र एका रेखीव कमानीवर ओळीने बसतात. नियम लपलेला होता तो शेजारच्या दोन आकड्यांच्या नात्यात.

नियमबद्ध असूनही दीर्घकाळाचे भाकीत नाकारणाऱ्या या वर्तनाला 'केऑस' म्हणतात. मराठीत आपण त्याला गोंधळ म्हणतो खरे, पण हा गोंधळ शिस्तीतून जन्मलेला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमधले हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना तो १९६१ मध्ये अवचित भेटला. संगणकावर चाललेले हवामानाचे गणित मध्यापासून पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला आणि ते कॉफी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तर नवे हवामान जुन्यापासून पार फुटून निघाले होते. पुढे १९६३ च्या लेखात त्यांनी अवघ्या तीन समीकरणांत हेच वर्तन दाखवले. त्या तीन राशी तीन अक्षांवर मांडल्या की त्यांचा मार्ग दोन पंखांच्या फुलपाखरासारखी आकृती रेखाटतो. मार्ग स्वतःला कधीच छेदत नाही, नेमका तसाच पुन्हा जात नाही, तरी त्या आकृतीच्या बाहेरही पडत नाही. अशा आकृतीला 'अ‍ॅट्रॅक्टर' म्हणतात, कारण प्रणाली कोठूनही सुरू झाली तरी शेवटी तिच्याकडे ओढली जाते.

सावलीवरून मूर्ती

लॉरेन्झ यांच्याजवळ तिन्ही राशी होत्या, कारण समीकरणे त्यांचीच होती. नळाखाली बसलेल्या शॉ यांच्याजवळ एकच होती.

सांताक्रूझमध्ये त्यांच्याबरोबर डॉइन फार्मर, नॉर्मन पॅकार्ड आणि जेम्स क्रचफील्ड हे तिघे होते. चौघांनी १९८० मध्ये लिहिलेल्या छोट्या लेखाचा मथळा 'कालश्रेणीतून भूमिती' या अर्थाचा आहे. एकच राशी मोजता येत असली तरी तिच्या आजच्या आणि मागच्या मूल्यांतून प्रणालीच्या पूर्ण अवस्थेचे चित्र उभारता येते, असे त्यांनी दाखवले. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन येथे असलेल्या टाकेन्स यांनी याची सिद्धता दिली. ती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली.

रीत अशी. सिग्नलचे आत्ताचे मूल्य घ्या, थोड्या वेळापूर्वीचे घ्या आणि त्याच्याही तितक्याच आधीचे घ्या. ही तीन मूल्ये म्हणजे तीन अक्षांवरचा एक बिंदू. वेळ पुढे सरकेल तसा बिंदू सरकतो आणि एक आकृती तयार होते. लॉरेन्झ यांच्या तीन राशींपैकी पहिलीला असे वागवले तर पुन्हा दोन पंखांची आकृती दिसते! जरा वाकलेली, ताणलेली, पण पंख दोनच आणि मार्गांची ये-जा तीच. टाकेन्स यांचे प्रमेय सांगते की मूळ प्रणाली जेवढ्या मितींची, त्यांच्या दुपटीहून एक जास्त इतकी मूल्ये घेतली की सर्वसाधारणपणे ही नवी आकृती मूळ आकृतीशी गाठीगाठीने जुळते, त्यात काही तुटत नाही, काही चिकटत नाही.

हे जमते कसे? मूर्तीच्या एका सावलीवरून मूर्ती घडवता येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण मूर्ती फिरत असेल आणि सावल्या ओळीने दिसत राहिल्या, तर नाक कुठे, हात कुठे, हे कळू लागते. सिग्नलची मागची मूल्ये म्हणजे अशा ओळीने पडलेल्या सावल्या. यात एक अट आहे, आणि सगळा चमत्कार तिच्यातच आहे: प्रणालीचे घटक एकमेकांत गुंतलेले हवेत. लॉरेन्झ यांच्या समीकरणांत पहिली राशी दुसरीला ढकलते, दुसरी पहिलीला आणि तिसरीला, तिसरी पुन्हा दुसरीला. त्यामुळे कोणत्याही एकीच्या चालीत इतर दोघींचे ठसे उमटतात. भाताचेही तसेच आहे. एकाच पाण्यात, एकाच आचेवर सगळी शिते एकत्र शिजली म्हणूनच बोटांत चेपलेले एक शीत पातेल्याची खबर देते. दोन पातेल्यांचा भात असेल तर एकातले शीत दुसऱ्याबद्दल काही सांगणार नाही.

नळाच्या थेंबांना हीच रीत लावली. एक मध्यंतर आडव्या अक्षावर, पुढचे उभ्या अक्षावर. एकसारख्या ठेक्याला एकच ठिपका, जोडीच्या ठेक्याला दोन, आणि ज्या ठेक्यात सम सापडत नव्हती त्याला दुमडलेली एक वळणदार रेघ. खरखर नव्हतीच ती. थेंब तुटला की तोंडाशी उरलेले पाणी स्प्रिंगसारखे वर उसळते आणि खालीवर हिंदकळू लागते. पुढचा थेंब पुरेसा जड होईल त्या वेळी ते पाणी वर जात असेल तर तुटायला उशीर होतो, खाली येत असेल तर घाई होते. म्हणजे प्रत्येक थेंब आपल्या मागून येणाऱ्याच्या वेळेवर परिणाम करून जातो. शॉ यांनी १९८४ मध्ये ठिबकत्या नळावर एक छोटेखानी पुस्तकच लिहिले.

आकृती मोजायची कशी

आकृती उभी राहिली की तिची मापे घेता येतात. पहिला प्रश्न, किती वेळ मागची मूल्ये घ्यायची? फार जवळची घेतली तर सगळी सारखीच असतात आणि आकृती एका तिरक्या रेघेत चेपून जाते. फार लांबची घेतली तर त्यांच्यातले नाते पुसून जाते. एका मूल्यावरून दुसऱ्याची किती माहिती मिळते हे मोजून मधला बिंदू निवडण्याची रीत फ्रेझर आणि स्विनी यांनी १९८६ मध्ये दिली.

दुसरे माप मितीचे. पीटर ग्रासबर्गर आणि इतामार प्रोकाचिया यांनी १९८३ मध्ये सुचवलेली पद्धत इतकी सरळ आहे की घरातल्या संगणकावरही चालते. आकृतीतल्या ठिपक्यांच्या जोड्या घ्यायच्या आणि ठरलेल्या अंतराच्या आत किती जोड्या आहेत हे मोजायचे. अंतर दुप्पट केल्यावर जोड्या दुप्पट झाल्या तर आकृती रेघेसारखी, चौपट झाल्या तर पत्र्यासारखी, आठपट झाल्या तर ठोकळ्यासारखी. लॉरेन्झ यांच्या फुलपाखराची मिती २.०५ च्या आसपास येते: पत्र्याहून किंचित जास्त, कारण ते असंख्य पातळ पापुद्र्यांचे बनलेले आहे.

तिसरे माप फाटाफुटीच्या वेगाचे. अगदी शेजारी असलेले दोन बिंदू घ्यायचे आणि ते किती वेगाने दूर जातात हे पाहायचे. रशियन गणितज्ञ ल्यापुनोव्ह यांच्या नावाने हा अंक ओळखला जातो. तो धन असेल तर केऑस आहे, आणि तो जितका मोठा तितकी भाकिताची मुदत तोकडी. हवामानाचा रोजचा तपशीलवार अंदाज सुमारे दोन आठवड्यांच्या पुढे का टिकत नाही, याचे मूळ या वाढत्या फरकात आहे.

याशिवाय १९८७ मध्ये एकमान, कॅम्फर्स्ट आणि रुएल यांनी एक चित्रमय रीत दिली. प्रणाली आत्ता ज्या अवस्थेत आहे तिच्याजवळ ती पूर्वी केव्हा केव्हा येऊन गेली, त्या प्रत्येक वेळेला चौकटीत एक काळा ठिपका द्यायचा. ठेकेबद्ध सिग्नलच्या चौकटीत तिरक्या समांतर रेघा उमटतात, निव्वळ खरखरीत विखुरलेले ठिपके, आणि केऑसमध्ये तुटक तिरक्या रेघांचे गुंफण. ठिपक्यांच्या रांगोळीला सरावलेल्या डोळ्यांना हे चित्र चटकन समजते.

नकली शिते

साधने सोपी झाली की त्यांचा मोहही वाढतो. १९८० च्या दशकात जिकडेतिकडे केऑस सापडू लागला. १९८४ मध्ये समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नोंदींवरून पृथ्वीच्या लाखो वर्षांच्या हवामानाची मिती तीनच्या जवळपास असल्याचा दावा नामवंत नियतकालिकात आला. इतक्या प्रचंड व्यवस्थेमागे जेमतेम चार चलराशी? दोन वर्षांनी ग्रासबर्गर यांनी, म्हणजे ज्यांची पद्धत वापरली होती त्यांनीच, या दाव्यातला कच्चा दुवा दाखवला. मूळ मोजमापे दोनशेच्या आत होती. मधल्या जागा गणिताने भरून ती वाढवली होती. इतक्या थोड्या ठिपक्यांवरून असा निष्कर्ष काढता येत नाही. पुढे ऑस्बोर्न आणि प्रोव्हेन्झाले यांनी १९८९ मध्ये आणखी अडचणीची गोष्ट दाखवली: काही प्रकारची निव्वळ खरखरसुद्धा या पद्धतीला फसवून मर्यादित मिती दाखवते.

यावर उतारा निघाला तो नकली श्रेणींचा. जेम्स थाइलर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तो मांडला. आपल्या सिग्नलचा वर्णपट जसाच्या तसा ठेवायचा, पण निरनिराळ्या लाटांची एकमेकींशी असलेली जुळणी विस्कटून टाकायची. अशा कितीतरी नकली श्रेणी बनवायच्या आणि प्रत्येकीची मिती काढायची. खऱ्या सिग्नलची मिती या नकली घोळक्यातच मिसळून गेली तर केऑसचा दावा सोडायचा. ती स्पष्ट वेगळी पडली तरच पुढे बोलायचे. सोनार कसोटीच्या दगडावर सोन्याच्या रेघेशेजारी दुसरी ओळखीची रेघ ओढून पाहतो, तसाच हा प्रकार.

पुण्याहून कृष्णविवराकडे

ही सावध झालेली पद्धत घेऊन पुण्यात एक सुंदर काम झाले. गरुड तारकासमूहाच्या दिशेला, आपल्यापासून हजारो प्रकाशवर्षांवर जीआरएस १९१५+१०५ नावाची एक जोडी आहे: सूर्याच्या सुमारे बारा पट वस्तुमानाचे कृष्णविवर आणि त्याचा सोबती तारा. ताऱ्यातला वायू कृष्णविवराभोवती तबकडीसारखा फिरत आत पडतो, तापतो आणि क्ष-किरण सोडतो. १९९२ मध्ये सापडलेली ही जोडी आपल्या लहरीपणासाठी प्रसिद्ध आहे. कधी ती जवळजवळ स्थिर असते, कधी हृदयाच्या ठोक्यांसारखी दर पन्नासेक सेकंदांनी झळाळते, कधी तिच्या तेजाला काही धरबंधच नसतो. २००० मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी तिच्या वागण्याचे बारा वर्ग पाडले.

तिथे जाऊन काही मोजता येणार नाही. हाती येते ती क्ष-किरणांची कमी-जास्त होणारी संख्या, म्हणजे पुन्हा एकच यादी. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेशी निगडित रंजीव मिश्रा, अजित केंभावी आणि त्यांचे सहकारी के. पी. हरिकृष्णन, जी. अंबिका, बानीब्रत मुखोपाध्याय यांनी २००४ मध्ये या बाराही वर्गांच्या सिग्नलची मिती काढली. चार वर्गांत ती चार-पाचच्या आसपास स्थिरावली: मोजक्या चलराशींचा केऑस. तीन वर्ग निव्वळ यादृच्छिक, म्हणजे फाशांसारखे, दिसले. उरलेले पाच मधले. पण त्यांचे खरे निरीक्षण याच्या पुढचे आहे. ज्या चार वर्गांत केऑस दिसला, तिथे क्ष-किरण मोजताना अटळ असलेली खरखर सिग्नलच्या चढउताराच्या मानाने सर्वांत कमी होती. ज्या तीन वर्गांत यादृच्छिकता दिसली, तिथे ती सर्वांत जास्त. यावरून असे सूचित होते की कृष्णविवराभोवतीची तबकडी मुळात मोजक्या चलराशींच्या नियमाने चालते. खरखर फार असेल तिथे तो नियम आपल्याला दिसत नाही, एवढेच. दिसले नाही म्हणजे नाही असे नव्हे, हा धडा इथे आकड्यांत लिहिलेला सापडतो. २०१५ मध्ये सोडलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेले क्ष-किरण उपकरण आहे. त्यानेही या जोडीवर नजर ठेवली.

नियमितपणाची भीती

जमिनीवरचे उपयोगही कमी थक्क करणारे नाहीत. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात ज्योत आवाज निर्माण करते आणि आवाज ज्योतीला हलवतो. दोघे एकमेकांना खतपाणी घालू लागले की दाबाची कंपने इतकी वाढतात की इंजिनाचे भाग निकामी होतात. त्याआधीच्या घुरघुरीला अभियंते खरखर समजून सोडून देत. मद्रासच्या आयआयटीत आर. आय. सुजित आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवले की त्या घुरघुरीत केऑसची रचना आहे. संकट जवळ आले की तिच्यात मधूनच ठेकेबद्ध कंपनांचे झटके येऊ लागतात, ते दाट होत जातात आणि अखेर सगळा सिग्नल एका ठेक्यात बांधला जातो. झटक्यांची चाहूल लागताच इंजिन सांभाळता येते. इथे गोंधळ असतो तोवर क्षेम आहे. शिस्त आली की धोका.

हृदयाबद्दलही असेच काहीसे आहे. निरोगी माणसाचे दोन ठोक्यांमधले अंतर घड्याळासारखे अचूक नसते. श्वास, चेतासंस्था, हालचाल यांच्या तालावर ते सतत बदलते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हा बदल फार घटलेला असेल तर रुग्णाचा धोका वाढलेला असतो, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. कॅनडात माँट्रियलमध्ये मायकेल ग्वेवारा, लिऑन ग्लास आणि आल्विन श्रायर यांनी १९८१ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या हृदयपेशींना ठरावीक वेळाने विजेचे हलके धक्के दिले. धक्क्यांमधले अंतर बदलत गेले तसा पेशींचा ठेका आधी जोडीचा झाला आणि मग बेठेका. न्हाणीघरातल्या नळाने जी चाल दाखवली तीच.

पाणी, तारेची घोडी, क्ष-किरण, ज्योत, पेशी यांच्यात दुसरे काहीच साम्य नाही. तरी त्यांच्या सिग्नलवर चालणारे गणित एकच आहे, कारण त्यांच्यातली गुंतवणूक एकाच जातीची आहे. जिथे घटक एकमेकांशी बांधलेले आहेत तिथे एका घटकाची चाल पुरे; जिथे शीत दुसऱ्या पातेल्यातले आहे किंवा मुळात शीतच नाही, तिथे कितीही बारकाईने चेपून पाहिले तरी भात शिजला की नाही हे कळणार नाही. या शास्त्राची निम्मी मेहनत शीत चेपण्यात जाते आणि उरलेली निम्मी ते आपल्याच पातेल्यातले आहे ना, हे तपासण्यात.

प्लंबरला बोलावण्याआधी एक रात्र हाताशी आहे. मोबाइल पातेल्याजवळ ठेवावा, दहा मिनिटांचा आवाज टिपावा आणि सकाळी दोन थेंबांमधली अंतरे कागदावर उतरवून ठिपके मांडावेत. ठिपका एक आला, दोन आले, की रेघ उमटली, हे ज्याचे त्याने पाहावे. वायसर त्यानंतर बदलता येईल.